आबांचा पत्रा आणि माझा कॅमेरा

मार्च संपता संपता मी नांदेड-लातूरला निघाले आहे असं चिपळुणात सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकांनी चष्मा वर करून विचारलं, "काम आहे की शिक्षा?" काम होतं, आणि ते उन्हाळ्याशिवाय करताच आलं नसतं.

माझ्याकडे एक थर्मल कॅमेरा आहे. दिसायला दुकानातल्या बारकोडच्या बंदुकीसारखा. भिंतीवर रोखला की भिंतीचं तापमान रंगांत दिसतं: गरम ते तांबडं-पिवळं, गार ते निळं-जांभळं. थंड मुलखात घरातली ऊब कुठून गळते ते शोधायला हे यंत्र वापरतात. मीही ते हिमाचलात शिकले. तिथे खिडकीच्या फटीतून ऊब बाहेर पळताना पाहून घरमालक अक्षरशः हळहळायचे. मराठवाड्यात ऊब पळाली तर लोक तिला एसटी स्टँडपर्यंत पोचवायला जातील. तिथला प्रश्न उलटा आहे. ऊन घरात शिरतं कुठून, आणि एकदा शिरलं की बाहेर का जात नाही?

बोलावणं सुनंदाचं होतं. सुनंदा माझी कॉलेजातली रूममेट, लातूरची. लातूरमध्येच तिचं सासर, आणि आता ती नि तिचे यजमान विनायकराव क्लासेसच्या मुलांसाठी होस्टेल चालवतात. फोनवर ती म्हणाली, "तुझं ते यंत्र घेऊन ये. नांदेडला माझ्या मावसबहिणीचं होस्टेल बघ, इथं आमचं बघ. अन् मग गावाकडं चल. आमच्या आबांचं काही तरी कर बाई."

आबा म्हणजे तिचे सासरे. वय सत्तरीच्या पुढे. औशाच्या पुढे त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्याने वसलेलं त्यांचं गाव. तिथे सरकारने दिलेलं स्लॅबचं चांगलं घर असताना हा माणूस भूकंपापासून आजतागायत अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. दुपारीही तिथेच, रात्रीही तिथेच. गेल्या मे महिन्यात त्यांना ऊन लागलं, बाजेवरच शुद्ध हरपली, वेळेवर कुणी पाहिलं म्हणून वाचले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की भर दुपारी पत्र्याखाली पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाहीत. तरी आबा स्लॅबखाली यायला तयार नव्हते. विनायकरावांनी ठरवलं होतं की या वर्षी एप्रिलच्या आत पत्रे उतरवून टाकायचे, आबा रागावले तरी चालेल. त्याआधी एकदा यंत्राने आबांना दाखवून द्यावं, म्हणून मी.

नांदेड

नांदेडला उतरले तेव्हा सकाळच होती, तरी फलाटावरची माणसं सावली धरून चालत होती. आमच्याकडे लोक पाऊस चुकवत वळचणीने चालतात, तसे इथे ऊन चुकवतात. गोदावरीच्या पुलावरून रिक्षा जाताना रिक्षावाल्याने आपणहून माहिती दिली, "मॅडम, आता तर कायच न्हाई. मे मध्ये या, मग नांदेड बघा." नांदेड बघायचं असेल तर मे मध्येच, असा त्याचा आग्रह दिसला.

सुनंदाची मावसबहीण मुलींचं होस्टेल चालवते. तिला सगळ्या मुली रेक्टरबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. बाई प्रेमळ पण शिस्तीच्या. नाश्त्याला खिचडी आणि चिंचेचं आंबट पातळ खट्टं होतं. खिचडी ही आजारी माणसाची गोष्ट असं समजणाऱ्या घरात मी वाढले. इथे मात्र सकाळी सकाळी धडधाकट माणसं ती ताटभर खातात, आणि दोन वाढण्यांनंतर मीही त्यांच्यात जमा झाले.

मग आम्ही खोल्या बघायला निघालो. मुली दारादारांतून डोकावत होत्या. "मॅडम, ह्याच्यातून भिंतीपलीकडचं दिसतं का?" एकीने घाबरून विचारलं. मी म्हटलं, "नाही गं, फक्त भिंत किती तापलीय तेवढं कळतं." तिचा जीव भांड्यात पडला, पण तो फार वेळ तिथे राहिला नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मी कॅमेरा फिरवला. छत तांबडं, अपेक्षेप्रमाणे. पश्चिमेची भिंत तांबडी. आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर मधोमध एक पिवळाधमक ठिपका. कपाटाला कसलं ऊन लागतंय? मी जवळ गेले. आतून हळूच बुडबुड ऐकू आलं. खोलीतल्या तिन्ही मुलींच्या चेहऱ्यावरचा रंग कॅमेऱ्याशिवायही दिसत होता. कपाटात, ओढण्यांच्या मधोमध, विजेची किटली चालू होती. मेसच्या वांग्यावर काढलेला तो तोडगा होता.

रेक्टरबाई मागून म्हणाल्या, "काय बघून राहिल्या तिथं?"

"लोखंड लवकर तापतं," मी म्हटलं. खोटं नव्हतं. बाई पुढच्या खोलीकडे वळल्यावर मी मुलींना एवढंच सांगितलं, "नूडल्स खा, पण ओढण्यांत नको. एक दिवस खोली पेटेल." एकीने माझ्या हातात दोन चॉकलेटं कोंबली. आयुष्यातली पहिली लाच मी नांदेडला घेतली.

लातूर

लातूर हे मला आधी एक शहर आणि मग एक प्रचंड मोठा फोटो अल्बम वाटलं. जिकडे पाहावं तिकडे पास झालेल्या मुलांचे फलक. डॉक्टर होणारी, इंजिनिअर होणारी, हसणारी, न हसणारी, सगळी तीन मजली उंच. खाली रस्त्यावर तीच मुलं, अजून फलकावर न चढलेली, पाठीवर दप्तर आणि हातात वडापाव घेऊन एका क्लासमधून दुसऱ्यात पळत असतात. भूकंपाच्या वेळी ज्या जिल्ह्याचं नाव देशाने पहिल्यांदा नीट ऐकलं, तिथे आता देशभरची पोरं अभ्यासाला येतात. दर घरावर एक मजला चढवलाय आणि त्या मजल्यात पोरं भाड्याने राहतात.

सुनंदा दारातच उभी होती. इतक्या वर्षांनी भेटलो, पण तिचं पहिलं वाक्य, "किती वाळलीस गं! काय करलालाव तुम्ही कोकणात, खायलालाव का न्हाई?" हे लातुरी 'करलालाव' कॉलेजात ऐकून मी तिची नक्कल करायचे. आता मात्र नक्कल केली नाही. तिने समोर ठेवलेला सुशीलाचा डोंगर मी मुकाट्याने खाल्ला. सुशीला ही बाई नव्हे, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ. तो खाताना पोटाला कळत नाही आणि नंतर उठवत नाही.

विनायकराव गंभीर, कामसू, कमी बोलणारे. हिशेबी म्हणावं तर पोरांना आंब्याच्या दिवसांत रस मोजून वाढत नाहीत. त्यांच्या होस्टेलच्या वरच्या मजल्यावर पोरं ओल्या चादरी पांघरून अभ्यास करत होती. रसायनशास्त्र ओल्या चादरीत कसं डोक्यात शिरतं ते त्यांनाच माहीत.

तिथे गंमत झाली. पश्चिमेच्या सगळ्या खोल्यांची भिंत आतून लालभडक, पण मधल्या तीन खोल्यांची चक्क निळसर. मी कॅमेरा पुसला, पुन्हा पाहिलं. तेच. बाहेर जाऊन बघितलं तर त्या तीन खोल्यांवर एका क्लासचा भला मोठा फलक भिंतीपासून हातभर पुढे लोखंडी सांगाड्यावर उभा होता. फलकाची सावली भिंतीवर, आणि मधल्या फटीतून वारा. गेल्या वर्षीच्या गुणवंतांनी यंदाच्या पोरांवर छत्र धरलं होतं.

"म्हणजे पोरं पास झाल्याचा कुणाला तरी फायदा हाय," सुनंदा म्हणाली. विनायकराव पहिल्यांदा हसले. उरलेल्या भिंतीवरही हातभर पुढे हिरवी जाळी बांधायची आणि गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यायचा, हे तिथेच ठरलं. पांढरा रंग इतका काम करतो हे त्यांना पटेना, म्हणून मी गच्चीच्या एका कोपऱ्यात चुना फासून दुपारी फोटो काढून दाखवला. त्या कोपऱ्यावर विनायकराव स्वतः अनवाणी उभे राहिले आणि म्हणाले, "मानलं." मग गाडीत बसताना हळूच बोलले, "मॅडम, आबांना बी असंच दाखवा. माझं न्हाई ऐकत. यंत्राचं ऐकतील."

औशाच्या पुढे

औसा सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढणी झालेली मोकळी रानं. मला डोंगराशिवाय आकाश बघायची सवय नाही, त्यामुळे सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. गाव आलं ते वहीतल्या चौकोनांसारखं. सरळ गल्ल्या, सारखी घरं, सारखी अंतरं. आमच्याकडे घरं झाडांत लपून बसतात, इथे हजेरीला उभी राहिल्यासारखी. आणि बहुतेक प्रत्येक स्लॅबच्या घरापुढे एक पत्र्याची शेड. त्यात कुणाची गाय, कुणाचं सरपण. आबांच्या शेडमध्ये आबा.

उंच, काटक माणूस. चार लोखंडी खांब, वर पत्रे, खाली बाज, उशाशी तांब्या आणि रेडिओ. चारी बाजू उघड्या. ते इथे एकटे राहतात. जेवण समोरच्या चुलतभावाच्या घरून येतं, आणि लेक-सून दर रविवारी. त्यांनी मला निरखून पाहिलं. "तुमीच का यंत्रवाल्या बाई? बसा. आधी भाकर खा, मग माजं घर पाडा."

भर दुपारी मी कॅमेरा पत्र्याच्या खालच्या बाजूला धरला. गल्लीतली चारसहा माणसं जमली होती. पडद्यावर पत्रा दिसला निळा, गार! आणि त्या निळ्यात एक तांबडं भूत हलत होतं. विनायकरावांचा चेहरा पडला. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग माझ्या लक्षात आलं की नेमका तो पत्रा नवा आणि चकचकीत होता. चकचकीत पत्रा आरशासारखा वागतो, स्वतःची उष्णता सांगत नाही, समोरच्याची दाखवतो. ते भूत मीच होते. मी पत्र्याला इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावली, ती तापू दिली आणि पुन्हा कॅमेरा धरला. पट्टी पिवळी-पांढरी झाली. आकडा साठीच्या घरात. मग शेजारच्या गंजक्या पत्र्यांवर धरला, तेही तसेच. घरातलं स्लॅबचं छत त्यापेक्षा पुष्कळच कमी तापलेलं.

"बघितलं का आबा?" विनायकराव म्हणाले.

"बघितलं की. तापतो. ते मला ठावं हाय," आबा म्हणाले.

जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. आमटी इतकी फर्मास की मी उत्साहात आले, आणि उत्साहात आलेला तज्ज्ञ धोकादायक असतो. स्लॅबही तापतोच, तर त्यावर उपाय काय, असं सुनंदाने विचारलं. मी भुरका मारून म्हटलं, "सोपं आहे. वर वीतभर मातीचा थर द्या. तुमच्याकडची जुनी माळवदं किती गार असायची! लाकडावर पांढरी माती. तसंच करा."

विनायकरावांचा घास हातातच राहिला. आबांनी ताटात हात धुतला, उठले आणि बाहेर गेले.

मागच्या दारी सुनंदाने मला सांगितलं, "अगं, ती माळवदंच पडली ना." दगडाच्या भिंती, आणि वर दर पावसाळ्याआधी चढवत आणलेली माती, पिढ्यान्‌पिढ्यांची. गणपती बुडवून दमून झोपलेल्या गावावर पहाटे ती सगळी खाली आली. सुनंदाच्या सासूबाई त्याच मातीखाली गेल्या. मी हे सगळं वाचलेलं होतं, शिकलेलंही होतं. तरी या गावात, या माणसांच्या पंक्तीला बसून मी छपरावर माती घाला म्हणून सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी शेडमध्ये जाऊन आबांची माफी मागितली. ते सुपारी कातरत होते. "तुमाला काय ठावं, बाई. अन् माती गारच असती. तुमी खोटं न्हाई बोलल्या," ते म्हणाले आणि सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं.

दुसरा दिवस

काम अजून अर्धंच झालं होतं. दुपारचा स्लॅब बघून निकाल देणं म्हणजे परीक्षेचा एकच पेपर तपासणं. विनायकराव नको म्हणत असताना मी पहाटेची मोजणी ठरवली. उजाडायच्या आधी बाहेर आले, तर आबा बाजेवर उठून बसलेले, अंगावर घोंगडं. वारा छान सुटला होता.

पत्र्यावरच्या त्या काळ्या पट्टीवर कॅमेरा धरला. गडद निळा. रात्रीत सगळी उष्णता आभाळाला देऊन मोकळा. मग घरात गेले. स्लॅब दिवसभर प्यालेलं ऊन रात्रभर ओकत होता, पहाटेही छत नारिंगी. पंख्याखाली विनायकराव घामाने भिजून पडले होते. मी त्यांना उठवून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली.

त्यांनी दोन्ही चित्रं मागेपुढे करून पाहिली. प्रामाणिक माणूस. बाहेर येऊन बापाला म्हणाले, "आबा, रातचं तुमचंच बरोबर हाय. न्हाई उतरवत पत्रे. पण दुपारचं तरी आत या. डॉक्टर काय म्हणला, ऐकलंव न्हवं?"

आबा घोंगडं नीट करू लागले.

मी मध्ये पडले. "आबा, बाज दाराशीच टाकू. दार उघडं ठेवू. भीती वाटली तर एका पावलात बाहेर."

"भेव?" आबा माझ्याकडे वळले. खरंच नवल वाटलं होतं त्यांना. "मला कशाचं भेव, बाई? माजं काय ऱ्हायलंय आता?"

"मग का येत न्हाई आत?" विनायकरावांचा आवाज चढला. इतक्या वर्षांचा प्रश्न होता तो.

आबांनी घोंगडं बाजूला केलं. "त्या रातीला मी खळ्यात बैलांपाशी निजलो व्हतो. भाईर. म्हणून तुला उकरून काढता आलं. हातानं. तुजी माय तुज्याच शेजारी व्हती, पर तिच्यापतूर हात पोचंस्तोवर..." मग गल्लीच्या टोकापर्यंत हात फिरवून म्हणाले, "ही समदी आता स्लॅबखाली निजत्यात. दुपारची बी, रातची बी. समदेच आत निजले तर उकरायला कोन?"

आम्ही त्यांना तीस वर्षं भित्रा म्हातारा समजत होतो. मी नव्हे, मी कालच आले होते, पण मीही एका दिवसात तेच समजले होते. हा माणूस पहारा देत होता. मागे येऊन उभ्या राहिलेल्या सुनंदाने पदर तोंडाला लावला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि हातातला तो कॅमेरा कुठे ठेवू असं झालं.

विनायकराव बापाच्या बाजेवर बसले. आबांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले, उलटे केले, तळवे बघितले. मग म्हणाले, "दुपारचा मी बसतो भाईर. मे संपंस्तोवर हितंच ऱ्हातो. तुमी आत निजा. रातचं तुमचं तुमी बघा, दुपारचा पहारा माझा."

"अन् होस्टेल?" आबांनी विचारलं.

"तसं बी होस्टेल मीच बघते," सुनंदा डोळे पुसत म्हणाली.

आबा पोराला पारखून बघत होते. "डोळा लागायचा तुजा."

"न्हाई लागू देत."

आता त्या पत्र्याखाली स्वतःला बसायचं म्हटल्यावर विनायकरावांना पत्र्याच्या तापण्यात फारच रस उत्पन्न झाला. "मॅडम, हलकं कायतरी सांगा. माती सोडून," ते म्हणाले. चुलतभावाच्या परसात तुराट्या पडल्या होत्या, म्हणजे तुरीची वाळलेली काटकं. त्यांच्या ताट्या विणून पत्र्याखाली वीतभर अंतरावर तारेने टांगायच्या आणि वरून चुना मारायचा, असं मी सुचवलं. आबांनी विणून झालेली पहिली ताटी उचलून स्वतःच्या डोक्यावर आपटून बघितली. "ही पडली तर मानूस शिव्या देत उठंल," ते म्हणाले आणि परवानगी दिली. दुपारपर्यंत गल्लीतल्या माणसांनी ताट्या टांगल्या, विनायकराव चुन्याने पांढरे झाले. मी कॅमेरा धरला. ताट्यांखालून दिसणारा रंग अजून तांबूस होता, पण कालचा तो पिवळा-पांढरा जाळ नव्हता. शेड गार झाली नव्हती, बसण्याजोगी झाली होती.

जेवणं झाली. ऊन डोक्यावर आलं. आबा उठले, उशी काखेत घेतली आणि घराकडे निघाले. समोरच्या घरातली चुलतभावजय हातातली परात तशीच धरून दारात उभी राहिली. उंबऱ्याशी आबा थांबले. वर छताकडे पाहिलं, मागे वळून शेडकडे पाहिलं.

"विन्या, हायस न्हवं भाईर?"

"हाय, आबा."

आबा आत गेले. मी दाराबाहेरच्या सावलीत बसून ऐकत होते. थोडा वेळ कुशी बदलल्याचा आवाज, मग दोनदा खाकरणं. पुन्हा एकदा हाक आली, "विन्या?" पुन्हा उत्तर गेलं, "हाय की." मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग घोरणं सुरू झालं, चांगलं दणदणीत, गल्लीत ऐकू जाईल असं. विनायकराव पत्र्याखाली बाजेच्या कडेवर ताठ बसले होते. चुन्यात घाम मिसळून गालांवरून ओघळत होता, आणि तो पुसायलाही त्यांनी दारावरची नजर काढली नाही.